सुई खाली आली होती

सोमवार, ४ नोव्हेंबर

राख आधी भिजवायची असते. हे मला आज, चोपन्नाव्या वर्षी कळलं. बॉयलरखालचं दार उघडलं, दाताळं आत घातलं आणि जोरात ओढलं — सगळा ढग तोंडावर! नाकात, कानात, दातांत राख. बॉयलरवरचे मिस्त्री कोपऱ्यात उभे होते. हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. "पाणी शिंपडा आधी, सिस्टर," एवढंच म्हणाले आणि झारी पुढे केली.

नऊ घमेली निघाली. मागच्या खड्ड्यापर्यंत ढकलगाडीच्या चार खेपा. कमरेचे बारा वाजले.

नियम काय आहे तो लिहून ठेवते, म्हणजे कंबर मोडलीच तर कशापायी मोडली याची नोंद राहील. थोरल्या डॉक्टरांनी हे प्रसूतिगृह काढलं तेव्हाच घालून दिला — जो कुणी या घराचा प्रमुख होणार, त्याने आधी सात दिवस बॉयलरची राख काढायची. फाटकाजवळच्या खोलीत राहायचं, घरी जायचं नाही. साधे कपडे. रोज दुपारी तासभर जुनं शास्त्र ऐकायचं. आठव्या दिवशी भोजनगृहात सगळ्यांपुढे उभं राहून स्वतःचा एक दोष सांगायचा. मग किल्ल्या मिळतात. दोष सांगण्याची आता गंमतच झालीय. निवृत्त होणारे मोठे डॉक्टर त्यांच्या वेळी म्हणाले होते, "मला राग लवकर येतो." सगळे पोट धरून हसले. त्यांच्या आधीच्यांनी तर चहात साखर जास्त लागते म्हणून सांगितलं होतं.

आजवर सगळे डॉक्टरच झाले प्रमुख. मी पहिली नर्स. तीस वर्षं मला "सिस्टर, कात्री" यापलीकडे काही न बोललेले लोक पुढच्या सोमवारपासून दारावर टकटक करून आत येतील. खोटं कशाला बोलू, या विचाराने चौथी खेप हलकी गेली.

मिस्त्रींबद्दल आज लिहीत नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

हातांना फोड. उजव्या हाताला तीन.

शास्त्र वाचायला बाई येतात. शाळेतून निवृत्त होऊन यांना वीस वर्षं झाली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. खोलीत मी एकटी, बाक एक, तरी तोच आवाज. आज वाचलं ते राखेचंच. जुन्या काळी देवाच्या तंबूत याजकाचा, म्हणजे तिथल्या पुजाऱ्याचा, दिवस कसा सुरू व्हायचा — आदल्या दिवसाची राख काढून. भरजरी कपडे उतरवायचे, साधं तागाचं वस्त्र घालायचं, स्वतःच्या हाताने वेदीवरची राख काढायची, मग पुन्हा कपडे बदलून ती वस्तीबाहेर नेऊन टाकायची. मी म्हटलं, "हाताखाली माणसं नव्हती का त्यांच्या?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "होती की. म्हणून तर लिहून ठेवावं लागलं."

मग म्हणाल्या, दुसऱ्याने साफ केलेल्या वेदीवर उभं राहायची माणसाला फार लवकर सवय लागते. मी फोड चोळत बसले.

मिस्त्री या महिन्याच्या तीस तारखेला निवृत्त होतायत. मला माहीत नव्हतं. गाडी ढकलता ढकलता त्यांनीच सांगितलं. बावीस वर्षं ऑटोक्लेव्हवर, अवजारं वाफवायच्या यंत्रावर, आणि शेवटचं सव्वा वर्ष इथे, राखेत. "चला, सुटलो," म्हणाले. पण सुटल्यासारखे दिसत नव्हते.

बुधवार, ६ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. सात दिवस त्या माणसाशेजारी उभं राहायचं आणि इथेही गप्प बसायचं, हे होणार नाही माझ्याच्याने.

गेल्या वर्षी जुलै. मी थिएटरची मुख्य सिस्टर, मिस्त्री ऑटोक्लेव्हवर. अवजारांचे आणि कपड्यांचे ड्रम वाफेत किती वेळ, किती तापले, हे यंत्र स्वतःच कागदाच्या एका गोल चकतीवर काढतं — पेनाची सुई फिरत राहते आणि रेघ उमटते. सुई मध्येच खाली आली तर सगळा वेळ पहिल्यापासून मोजायचा. हा नियम मीच नव्या मुलींना शिकवते.

त्या दिवशी तीन सिझेरियन होती. बॉयलरची वाफ कमी पडली. मिस्त्री माझ्याकडे आले, हातात चकती. "सिस्टर, सुई खाली आली होती. परत लावतो. पाऊण तास द्या." आतून मोठ्या डॉक्टरांचा आवाज — ड्रम कुठे आहेत, माणसं झोपलीत का. मी म्हटलं, "द्या तसेच. मी बघते." चकती त्यांच्या हातातून घेतली आणि खिशात घातली.

तिघींनाही ताप चढला. दोघी वाचल्या. नऊ नंबरच्या खाटेवरची नवव्या दिवशी गेली. मुलगी झाली होती तिला. तेवीस वर्षांची होती ती.

चौकशी झाली. मिस्त्रींनी खरं ते सांगितलं — मी सिस्टरना सांगितलं होतं. मला बोलावलं. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं. मी म्हटलं, "मला तसं काही आठवत नाही."

नाही म्हटलं नाही मी. खोटं बोलतात असंही म्हटलं नाही. आठवत नाही, एवढंच. चकती सापडली नाही, ती जबाबदारी यंत्रावरच्या माणसाची. ठपका मिस्त्रींवर. पांढरा डगला काढून घेतला आणि राखेवर पाठवलं. सगळे म्हणाले, नोकरी राहिली हेच नशीब.

चकती या वहीच्या मागच्या कप्प्यात आहे. सोळा महिने. तारीख, वेळ, ती खाली घसरलेली रेघ, आणि कोपऱ्यात माझी सही — सवयीने केली होती, खिशात घालण्याआधी.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

चकती नाही आता.

सकाळी मिस्त्री पाणी भरायला गेले होते. भट्टीचं दार उघडं होतं. ती माझ्या ब्लाउजमध्ये होती, का घेऊन गेले होते ते मला विचारू नये कुणी. त्यांना द्यायला, असं मी जाताना स्वतःला सांगितलं होतं. टाकली आत. एक क्षणही लागला नाही.

बाईंनी आज त्या मेंढपाळाचं वाचलं. चाळीस वर्षं सासऱ्याच्या मेंढ्या राखणारा, बोलताना अडखळणारा. देवाने त्याच्या लोकांना गुलामीतून सोडवायला बोलावलं तर म्हणतो मी कोण जाणारा, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. मला काही ऐकू आलं नाही. बाई म्हणाल्या, "बरं नाही का?" म्हटलं, धूर लागलाय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज काढलेल्या राखेत ती असणार. नऊ घमेल्यांतल्या कुठल्या घमेल्यात, काय माहीत. हे लिहिताना लाज वाटतेय, पण मी प्रत्येक घमेल्यात बघितलं.

आणि आजच ती म्हातारी यायची होती!

दहाच्या सुमारास मी ढकलगाडी घेऊन बॉयलरघरापाशी आले तर दारात एक म्हातारी, कडेवर वर्षा-दीड वर्षाची पोर. लसीकरणाचा दिवस. मी आधी ओळखलं नाही. मिस्त्री आत उभे, मान खाली. ती काही बोलत नव्हती. नुसती उभी, त्यांच्याकडे बघत. मी म्हटलं, "आजी, लस त्या बाजूला." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. डोक्याला फडकं, तोंड राखेने माखलेलं, तिला मी कामवाली वाटले असणार. थोड्या वेळाने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली.

मग मिस्त्री म्हणाले, "नऊ नंबरवर गेली तिची आई. दर लसीला येते. आधी इथे येते, मग तिकडे जाते."

"काय म्हणते?"

"काही नाही. पोरीला दाखवते मला."

सोळा महिन्यांत किती लसी होतात, ते मला तोंडपाठ आहे. तेवढ्या वेळा हा माणूस तिथे मान घालून उभा राहिलाय, माझ्या जागी. मी गाडीची मूठ धरून उभी होते. पोरीच्या पायात लाल मोजे होते, एक निसटत होता. माझं लक्ष सारखं त्या मोज्याकडे.

दुपारी बाईंच्या वाचनात एक राजा. उंच, देखणा, सगळ्यांहून खांदाभर वर. निवड झाली तेव्हा सामानात लपून बसला होता म्हणे, इतका लाजाळू. शोधून आणावा लागला. म्हटलं, किती गोड. बाई म्हणाल्या, "थांब, पुढे ऐक." पुढे तोच राजा देवाचं ऐकत नाही, पकडला जातो, आणि देवाचा निरोप आणणाऱ्या संदेष्ट्याला म्हणतो — चुकलो मी, कबूल. पण आता लोकांपुढे माझा मान राख, माझ्याबरोबर चल.

बाईंनी पुस्तक मिटलं. "सामानात लपणं म्हणजे नम्रता नव्हे, बघ. ते नुसतं लपणं." आणि त्यांनी चहा मागितला. मी उठून चहा ओतला.

सांगायचं. सोमवारी सगळं सांगायचं. ठरलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

हे आले होते फाटकावर. आत यायची परवानगी नाही म्हणून गजांमधून बोलणं, तुरुंगात भेटायला आल्यासारखं. सोमवारसाठी पांढरी साडी इस्त्री करून आणली होती. घड्या स्वतः घातलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा. "किती वाळलीस गं," म्हणाले.

ह्यांना सगळं माहीत आहे. जुलैतच सांगितलं होतं. मी म्हटलं, सोमवारी बोलणार आहे. त्यांनी आधी इकडे-तिकडे बघितलं. मग हळूच, "अगं, एकदा आठवत नाही म्हणालीस ना. आता आठवलं म्हणून कसं चालेल? नर्सिंगचा परवाना जाईल. पोलीस येतील. आणि कशासाठी? तो आता तीन आठवड्यांत जाणार."

"म्हणूनच."

"मोठी झालीस की त्याचं काहीतरी कर ना. निरोप समारंभ कर चांगला. घड्याळ दे."

घड्याळ! मी साडी घेतली आणि आत आले. राग त्यांचा आला नाही. घड्याळाचं माझ्याही मनात येऊन गेलं होतं, मंगळवारी.

रविवार, १० नोव्हेंबर

सातवा दिवस. राख भिजवून, ओढून, घमेलं भरून, एकही कण उडाला नाही. मिस्त्री म्हणाले, "जमलं तुम्हाला." इतकं बरं वाटलं की रडू आलं.

बाईंनी शेवटचं वाचलं. वर्षातून एकदा मुख्य याजक लोकांच्या पापांसाठी तंबूच्या अगदी आत जायचा, त्याआधी त्याने काय करायचं. आधी स्वतःसाठी आणि स्वतःच्या घरासाठी बैलाचा बळी. लोकांचं नंतर. आणि त्या दिवशी सोन्याची वस्त्रं नाहीत, पुन्हा तेच साधं ताग. "आपलं आधी," बाई म्हणाल्या. "आपलं न सांगता जो दुसऱ्यांचं उचलायला जातो, तो नुसता मिरवतो." मग माझ्या हातावर हात ठेवला. फोडांवरच, पण मी काढला नाही. त्यांना काही माहीत आहे का? नसावं. त्या सगळ्यांनाच असं वाचून दाखवतात. मोठ्या डॉक्टरांनाही हेच वाचलं असणार, आणि ते म्हणाले मला राग लवकर येतो.

संध्याकाळी अवजारं धुताना मिस्त्रींना म्हटलं, "मिस्त्री, मला तुमच्याशी बोलायचंय. त्या जुलैबद्दल."

त्यांनी दाताळं भिंतीला टेकवलं. बराच वेळ ते सरळ उभं राहीना, घसरत होतं. "माझ्याशी काय बोलायचं, सिस्टर? मी होतो की तिथे." मग, "उद्या बोला. सगळ्यांपुढे. तेवढं झालं तर बास."

"बोलणार आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सात दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं. "बायकोला आणू का उद्या? ती त्या दिवसापासून दवाखान्याच्या रस्त्याने जात नाही. बाजारालाही लांबून जाते."

मी म्हटलं, आणा.

वाक्यं लिहून काढली आहेत. सात आहेत. सुई खाली आली होती. मिस्त्रींनी मला सांगितलं. मी म्हटलं द्या तसेच. चकती मी घेतली. चौकशीत आठवत नाही म्हणाले ते खोटं होतं. चकती मी गुरुवारी जाळली. मला किल्ल्या नकोत.

सोमवार, ११ नोव्हेंबर

लिहायलाच हवं. लिहिते.

भोजनगृह भरलेलं. टेबलं भिंतीला लावलेली. अध्यक्ष मधोमध, दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघत. मी त्यांचं नाव 'काटा' ठेवलंय ते उगाच नाही. मोठे डॉक्टर किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन. मागे भिंतीपाशी मिस्त्री, दाढी केलेले, आणि शेजारी त्यांची बायको, ठेवणीतल्या साडीत. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

उभी राहिले. आवाज लागला. म्हटलं, "गेल्या वर्षी जुलैत या घरात एक आई गेली. त्याचा ठपका मिस्त्रींवर आला. तो दोष त्यांचा नाही. तो माझा आहे."

आणि मग कुणीतरी — प्रयोगशाळेतली, बहुतेक — टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मला कळेना. सगळे उभे राहायला लागले. एक नर्स रडत होती. मोठे डॉक्टर उभे राहिले, त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. अध्यक्षांचा आवाज — "यालाच म्हणतात नेतृत्व! हाताखालच्या माणसाची चूक स्वतःच्या शिरावर घेणं! थोरल्या डॉक्टरांना हेच अपेक्षित होतं!"

ही नुसती सुरुवात होती. सातही वाक्यं राहिली होती. चिठ्ठी हातात होती.

टाळ्या थांबेपर्यंत थांबायचं आणि पहिलं वाक्य वाचायचं. एवढंच होतं. टाळ्या थांबल्या. सगळे माझ्याकडे बघत होते — कसे बघत होते ते काय सांगू, तीस वर्षांत कुणी तसं बघितलं नव्हतं. मी चिठ्ठी दुमडली. बसले.

किल्ल्या दिल्या. जड आहेत.

मिस्त्रींच्या बायकोनेही टाळ्या वाजवल्या होत्या सुरुवातीला. मग तिने नवऱ्याकडे बघितलं आणि हात खाली घेतले. दोघं मागच्या दाराने निघून गेले. चहाला थांबले नाहीत.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सकाळी बॉयलरघरात गेले. पांढऱ्या साडीत. मिस्त्री राख भिजवत होते.

"मिस्त्री, मी पुढे बोलणार होते."

"हो." झारी खाली ठेवली नाही. "सिस्टर, इतके दिवस लोक मला वाईट म्हणायचे. पण निदान माझं खरं माझ्याकडे होतं. वाटायचं, कधीतरी कुणीतरी विचारेल. काल तुम्ही तेही नेलंत. आता मी तोंड उघडलं तर काय म्हणतील? एवढ्या मोठ्या बाईने याचं पोटात घातलं, आणि हा तिच्यावरच उलटला." मग म्हणाले, "साडी सांभाळा, राख उडेल."

तशीच अध्यक्षांकडे गेले. दार लावून सगळं सांगितलं, सातही वाक्यं. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ न बघता. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सिस्टर, सात दिवस फार होतात तुमच्या वयाला, मी मंडळाला सांगणारच आहे. थकलायत तुम्ही. नम्रता शोभते, पण तिलाही हद्द असावी." मी म्हटलं, खरंच सांगतेय. ते म्हणाले, "चकती आहे?"

नाही. चकती नाही.

"मग झालं तर," आणि उठले.

दुपारी माझ्या दारावर टकटक. माझ्या दारावर! नऊ नंबरची आई. तिला कुणी सांगितलं कोण जाणे, इथल्या भिंतींना तोंडं आहेत. पोर बरोबर नव्हती. आत आली, माझे फोड आलेले हात हातात घेतले. "तुम्ही देवमाणूस आहात," म्हणाली. "पण त्याचं पाप तुम्ही का घेता, बाई? त्याला भोगू द्या ना."

मी तिला सांगायला हवं होतं. तोंड उघडलं. ती रडत होती आणि मी तिला पाणी दिलं. पाणी दिलं फक्त. मी इतकी भित्री आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. भित्रेपणा मी आजवर मोठ्या डॉक्टरांच्या धाकावर ढकलत आले. काल मोठे डॉक्टर हात जोडून उभे होते. आज तर खोलीत कुणीच नव्हतं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

दिवसभर खुर्चीत. अकरा कागदांवर सह्या. कुठल्या ते विचारू नका.

सह्या करता करता आठवलं. ही वही दोन वर्षांची आहे, जाड. जुलैची पानं हिच्यातच आहेत. चौकशीपासून मी वही चालू पानावरच उघडते, मागची पानं चाळत नाही. त्या दिवशी मी काही लिहिलं होतं का? घरी आल्यावर, जेवणाआधी, नेहमी लिहिते. घरी गेले. खुर्चीवर बसून पानं मागे नेली.

आहे. ११ जुलै. माझंच अक्षर, घाईचं:

"आज तीन सिझेरियन, एकापाठोपाठ. मोठे डॉक्टर पहाटेपासून पेटलेले. मिस्त्री मध्येच कुरकुर घेऊन आला, सुई खाली आली होती म्हणे, परत लावतो. पाऊण तास! म्हटलं, द्या तसेच. चकती काढून घेतली, नाहीतर तो ती घेऊन दारोदार हिंडला असता. सारखं काहीतरी असतं या माणसाचं. येताना भेंडी आणली, निबर निघाली."

भेंडी निबर निघाली. हे मी लिहिलंय.

तेवीस वर्षांची पोर तेव्हा जिवंत होती, टाके ओले होते. मी भेंडीवर वैतागले होते.

हे वाचून मी न्हाणीघरात जाऊन बराच वेळ बसले. चकती जाळली तेव्हा वाटलं होतं, आता माझ्या शब्दाशिवाय काही राहिलं नाही, आणि शब्दाला कुणी विचारत नाही. पण हे आहे. हे खोडता येणार नाही, आधी-नंतरच्या पानांना चिकटलेलं आहे — गॅस संपला, नणंदेचा फोन, अध्यक्ष कसे घोरले बैठकीत, मोठ्या डॉक्टरांच्या बायकोबद्दल मी काय काय लिहिलंय, देवा! ह्यांच्याबद्दलही. दोन वर्षांची माझी सगळी घाण. ११ जुलैचं पान फाडून दिलं तर म्हणतील, परवा बसून लिहिलं असेल, ती तशी थोर आहेच. द्यायची तर आख्खी वही द्यावी लागेल.

ह्यांना सांगितलं. त्यांनी वही हातात घेतली, पण उघडली नाही. मग म्हणाले, "माझ्याबद्दल काय लिहिलंयस?" म्हटलं, वाचू नका. म्हणाले, "बाकीचे वाचणार म्हणजे मीही वाचणारच की." आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेले, कुकर लावायला. शिट्ट्या मोजायला विसरले.

बाईंना वाटेत गाठलं. त्यांना वहीबद्दल काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं — त्या उंच राजाचं पुढे काय झालं? म्हणाल्या, "राज्य बरीच वर्षं राहिलं त्याच्याकडे. बाकी काही राहिलं नाही."

गुरुवार, १४ नोव्हेंबर

मिस्त्री, हे आता तुम्ही वाचताय. ११ जुलैच्या पानात लाल दोरा घातलाय. आधी ते वाचा, मग सगळी वही. ती कुणाला द्यायची, मंडळाला की नऊ नंबरच्या आईला की पोलिसांना, ते तुम्ही ठरवा. बायकोला आधी दाखवा.

किल्ल्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आजची राख मी काढली, उद्याची भिजवून ठेवलीय.

कुणी विचारलं तर सांगा, सिस्टरना सगळं आठवतंय.